सोबत : बाटली एक

कुमयाळच्या पंचायतघरातली जनसुनावणी
मीच टिपून घेत होते. मंडळाची लघुलेखिका.
अकरा वर्षं झाली;
माणसं रडली तर 'भावना व्यक्त केल्या' लिहायचं
हे आता हाताला सांगावं लागत नाही.

खाणीचा अहवाल चारशे बारा पानांचा.
पान एकशे साठ, तळटीप :
'ओहळ. हंगामी. नाव नाही.'
तिथंच पहिली बाई उठली, दुर्पता घाडी.
नाव नाही कसं?
वर झरीपाशी ती बायेची व्हाळ,
कुळागरात शिरली की नुसता पाट,
माडांच्या मुळांतून वाकत जातो, पोफळींना पाजत,
आणि खाली खाजनात पोचल्यावर
हाक मारायला ती वेगळी उरतच नाही.
मी लिहिलं : स्थानिक नावांबाबत सूचना प्राप्त.

मग इनास बारेटो आला. मानस राखतो.
भरती कधी चढणार हे त्याला गुडघ्यांत कळतं;
दाराच्या फळ्या तेवढ्यासाठी
रात्री-अपरात्री उठून पाडतो, उचलतो.
बापही तेच करायचा.
बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं.
त्यातलं एक त्यानं
पिशवीची गाठ सोडण्यात घालवलं.
आतून निघाली फेणीची जुनी बाटली,
कागद अर्धा सोललेला,
पाणी कौलाच्या रंगाचं.
'आज सकाळचें. मानशीच्या तोंडावयलें.'
अध्यक्षांच्या पुढ्यात, सीलबंद बाटल्यांच्या रांगेत
ती ठेवली आणि जाऊन बसला.
दोन मिनिटं उरली होती,
ती कोणीच मागितली नाहीत.

कंपनीचा अभियंता बोलला. पडद्यावर निळे चौकोन,
गाळ अडवणारी तळी, एकात एक तीन.
मी लिहीत होते, डोळा बाटलीवर.
तासाभरानं गळ्याशी पाणी फिकं झालं,
मग पोटाशी.
जेवणाच्या सुट्टीनंतर तर काचेपलीकडून
अध्यक्षांचं घड्याळसुद्धा दिसायला लागलं.
अभियंत्यानंही ते पाहिलं. हुशार मुलगा, उत्साहानं म्हणाला,
'बघा ना, आपोआप बसला गाळ! वरचं पाणी स्वच्छ.'
काही लोक हसले. मीही मान हलवली असेल.

इनास जागेवरूनच बोलला, मोठ्यानं नाही :
'बसला तें खरें रे पुता.
पूण खंय बसला?
हांगा बाटलेच्या तळाक.
थंय आमच्या कोरगुटाचेर.'

पंख्याचा आवाज ऐकू आला थोडा वेळ.
शिपाई बाटली उचलून
दारातल्या कुंडीत ओतणार होता,
मी म्हटलं, ठेव. का म्हटलं, माहीत नाही.

पणजीला येताना बसमध्ये ती मांडीवर होती.
खनिजाच्या ट्रकांनी केलेले ते खड्डे;
साखळी यायच्या आधीच
सगळं पाणी पुन्हा लाल.

सोमवारी इतिवृत्त टंकलं.
सोबत : नकाशे दोन. सह्यांची यादी, पाने नऊ.
बोटं थांबली,
मग लिहिलं : बाटली एक.
हिला भोक कुठं पाडू, कुठल्या दोऱ्यात ओवू,
असं वरच्या साहेबांनी विचारलं. चेष्टेनंच.
तरी आवक क्रमांक दिला, चिठ्ठी डकवली,
प्रकरण विचाराधीन आहे तोवर फेकता येत नाही.

आता ती लोखंडी कपाटात आहे, खालच्या फळीवर.
दार गंजलंय, ओढल्याशिवाय उघडत नाही.
प्रत्येक वेळी झटका बसतो.